रात्रीची झोप आणि शेतकऱ्याचा संसार

शेतकरी आपल्या संसारातील बहुतेक गोष्टींचा हिशेब ठेवतो. बियाणे किती लागले, खत किती पडले, मजुरी किती गेली, उसाला किती पाळ्या पाणी दिले, हे त्याला तोंडपाठ असते. बैल किती चालला व केव्हा दमला हेही तो जाणतो, आणि दमलेल्या बैलाच्या मानेवरील जू तो आपण होऊन उतरवितो. परंतु स्वतःच्या देहाला रात्री किती विसावा मिळाला, याची नोंद त्याच्या कोणत्याही वहीत सापडत नाही. झोप ही कामातून उरलेल्या वेळात घ्यावयाची वस्तू आहे, काम वाढले की प्रथम तीच कमी करावी, आणि जो कमी झोपतो तो अधिक उद्योगी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीपायी शेतकऱ्याचे आरोग्य, बुद्धी व प्रसंगी प्राणही धोक्यात येतात, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त होऊन मुंबईत हिंदमाता येथे राहतो. शेतकीच्या मासिकात मुंबईची कथा कशासाठी, असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु रात्रीचा विसावा गेल्याने माणसाचे काय होते याचा मोठा अनुभव आपल्याच शेतकरी कुटुंबांतील माणसांनी या टापूत घेतला आहे. म्हणून आरंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

गिरणगावाचा अनुभव

हिंदमाता म्हणजे दादर व परळ यांच्या मधला चौक. तेथील चित्रपटगृहावरून हे नाव पडले. आज कापडाच्या दुकानांसाठी व पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठी हा भाग प्रसिद्ध आहे. पण याच्या आसपास एके काळी कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी होती, आणि या सगळ्या टापूस गिरणगाव म्हणत. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर इत्यादी जिल्ह्यांतून हजारो माणसे गिरण्यांत कामास आली. त्यांच्यापैकी बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले होती. घरची जमीन पोटास पुरत नाही म्हणून एक भाऊ गावी औत धरी व दुसरा मुंबईस साच्यावर उभा राही.

आरंभी गिरणीचे काम सूर्याच्या उजेडावर चाले. दिवस मोठा तितके काम मोठे. उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. आता याचा साधा जमाखर्च मांडून पाहावा. चौदा तास गिरणीत, जाण्यायेण्यास एक तास, पाणी भरणे, स्नान, स्वयंपाक, जेवण यांस तीन तास. चोवीस तासांतून बाकी राहतात सहा. या सहा तासांत आजारपण, मुलेबाळे, चाळीतील गलबला हे सर्व येते.

या स्थितीविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी आवाज उठविला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. तेथे ठरलेल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. यांपैकी तीन मागण्या विसाव्याच्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, रविवारच्या सुटीची मागणी गिरणीमालकांच्या संघाने मान्य केली.

परंतु लवकरच गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास पुष्कळ गिरण्या रात्री उशिरापर्यंत चालू लागल्या. तेव्हा कामगारांत असंतोष माजला, सरकारी चौकशी झाली, व १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. १९२२ साली ते दिवसास अकरा तास, १९३४ साली दहा तास, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसास नऊ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ठरले. म्हणजे सुपारीबागेच्या सभेपासून या मर्यादेपर्यंत येण्यास चौसष्ट वर्षे लागली.

कामाचे तास कमी झाले तरी रात्रपाळी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची मागणी वाढल्याने ती अधिकच वाढली. एकट्याने राहणारे कामगार गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, ज्यास गाळा म्हणत, दाटीवाटीने राहत. एक जण पाळीवरून येई तेव्हा दुसरा पाळीवर जाण्यास उठे, व त्याच्याच जागेवर पहिला अंग टाकी. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत साच्यावर उभे राहून आलेल्या माणसास दिवसा झोप घ्यावी लागे. त्या वेळी नळावर भांडी वाजत, मुले खेळत, पत्रा तापे. घड्याळाने त्यास आठ तास मोकळे मिळत, पण त्यातील झोप तुटक व उथळ असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व भोंगे थांबले. रात्रीचे काम मात्र थांबले नाही. आज त्याच जागी उभ्या असलेल्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत व इमारतींच्या दारांवर रात्रभर जागणारे पहारेकरी, परिचारिका व नोकर यांत पुष्कळ जण शेतकऱ्यांचीच मुले आहेत.

झोप येते कशी

दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची बरोबरी का करीत नाही, हे समजण्यासाठी झोप येते कशी हे पाहिले पाहिजे. तिची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण श्रमाचे. माणूस जितका वेळ जागा राहतो तितके त्याच्या मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व झोपेची ओढ वाढते. झोप घेतली की ते ओसरते. चहा व कॉफी यांतील कॅफीन हे द्रव्य अॅडेनोसिनची जागा अडविते. त्यामुळे थकवा जाणवत नाही, पण तो आत कायमच असतो. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. म्हणून दिवेलागणीनंतर घेतलेला कडक चहा मध्यरात्रीही आपले काम करीत असतो.

दुसरे कारण देहातील घड्याळाचे. शेतकऱ्यास हे सांगणे कठीण नाही, कारण चिंच व शिरीष यांची पाने रात्री मिटतात हे तो लहानपणापासून पाहतो. फ्रान्समधील द मैरान या शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसताही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. अर्थात वेळ ओळखण्याची काही व्यवस्था वनस्पतीच्या अंगातच आहे. प्राण्यांतही ती असते. तिचे पेशींतील कार्य चिलटांवर प्रयोग करून उलगडल्याबद्दल अमेरिकेतील हॉल, रोसबॅश व यंग या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याचे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या वरच्या अंगास असते. सकाळचा उजेड ते घड्याळ रोज बरोबर लावतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचा रस स्रवू लागतो, अंगाची उष्णता हळूहळू उतरते व पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होते. त्या वेळी जागणारा माणूस आपल्याच देहाशी झुंजत असतो, आणि सकाळी उजेडात अंथरुणावर पडतो तेव्हा देह त्यास उठविण्याच्या तयारीत असतो. गिरणी कामगाराची दिवसाची झोप उथळ का होई, त्याचे उत्तर चाळीच्या गलबल्याइतकेच या घड्याळात आहे.

झोपेत काय घडते

झोप म्हणजे शरीराचे बंद पडणे नव्हे. शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने डोळे पापणीआड जलद हलू लागतात, व त्या वेळी मेंदू जागेपणाइतकाच चंचल असतो. स्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत पडतात. गाढ झोप व ही स्वप्नावस्था मिळून सुमारे दीड तासाचे एक आवर्तन होते, आणि रात्रीत अशी चार-पाच आवर्तने होतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते. तेव्हा शरीराची झीज भरून निघते, व मुलांत वाढीस लागणारा रस विशेष स्रवतो. उत्तरार्धात स्वप्नावस्था अधिक असते. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्यास या दोन्ही अवस्थांचा उपयोग होतो. यास्तव झोपेचा आरंभ कापला काय अथवा शेवट कापला काय, नुकसान होतेच. फक्त निरनिराळ्या खात्यावर पडते.

आपल्या पूर्वजांस हे अनुभवाने ठाऊक होते. चरकाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ म्हटले असून सुखदुःख, पुष्टी व कृशता, बल व दुर्बलता ही निद्रेवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे.

प्रौढ माणसास रात्री निदान सात तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास व त्यापुढील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस आठ ते दहा तास, असे हल्लीचे वैद्यकशास्त्र सांगते. कमी झोपेचे परिणाम प्रयोगांनी मोजले गेले आहेत. शिकागो येथे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी तरुणांस सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा रक्तातील साखर जिरविण्याची त्यांची शक्ती स्पष्टपणे घटली. मधुमेह आता खेडोपाडी पसरत असता ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दीर्घकाळच्या अपुऱ्या झोपेचा संबंध रक्तदाब व हृदयविकार यांच्याशीही दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, व फिरून २०१९ साली, रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींत घातले आहे.

याहूनही महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांस चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची सावधानता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी ढासळली होती. पण त्यांस स्वतःस मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत, असे वाटत होते. झोपेची थकबाकी अशी नकळत वाढते. 'मला सवय झाली आहे' असे म्हणणारा खातेदार आपली बाकी स्वतः पाहू शकत नाही.

शेतकऱ्याची रात्रपाळी

गिरणी कामगारास निदान कायदा होता. शेतकऱ्याच्या रात्रीस कायदा नाही. पूर्वी मोटेचे काम पहाटे सुरू होई व ऊन चढल्यावर थांबे. रात्रीचे जागरण बहुधा राखणीपुरते असे. विजेचे पंप आल्यावर पाण्याचे कष्ट हलके झाले, परंतु शेतीपंपांस तीन फेजचा वीजपुरवठा आळीपाळीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळू लागल्याने दारे धरण्याचे काम रात्रीवर गेले. ज्या आठवड्यात वीज रात्री, त्या आठवड्यात शेतकरी रात्रपाळीचा कामगार होतो, आणि दिवसाची कामे मात्र सुटत नाहीत. दूध काढणे, बाजार, कचेरी, सोयरीक सर्व चालूच असते.

कारकुनीत असता शेतकरी अपघाताच्या प्रकरणांचे कागद लेखकाच्या हातांखालून जात. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, ट्रॅक्टर उलटणे हीच कारणे फिरून फिरून येत, व पुष्कळ कागदांत वेळ रात्रीची अथवा पहाटेची लिहिलेली असे. अंधार हे एक कारण खरेच. पण पेंगुळलेला डोळा हे दुसरे कारण कोणत्याच पंचनाम्यात लिहिले जात नाही. ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हातडोळे, रक्तात शेकडा ०.०५ मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंद झालेले आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा शेकडा ०.०३ आहे. पहाटे पाचला उठलेला शेतकरी रात्री दहानंतर दुचाकीवर बसून मळ्यात निघतो, तेव्हा दारूचा थेंबही न घेता तो या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. ज्या गावी ही सोय झाली नसेल तेथील शेतकऱ्यांनी ती एकत्र मिळून मागावी. सुपारीबागेच्या सभेने मागितले तेच हे मागणे आहे.

काय करावे

दिवसाची वीज येईपर्यंत पुढील गोष्टी आपल्या हातांत आहेत.

रात्रीचे पाणी असेल त्या दिवशी सायंकाळपूर्वी तास-दीड तास झोप घ्यावी. ही झोप आळसाची नसून रात्रीच्या कामाची पूर्वतयारी आहे. घरात दोन कर्ते असतील तर रात्र वाटून घ्यावी, व शेजारच्या बांधकऱ्याशी ठरवून एकाआड एक रात्र दोघांचे पाणी एकाने पाहावे. ठिबकची सोय असल्यास अंधारात उभे राहण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. पायांत बूट व हातात विजेरी असल्याशिवाय बांधावर जाऊ नये. सर्पदंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता तडक रुग्णालय गाठावे.

जागरणानंतर सकाळी झोपावे. वाग्भटाने याविषयी सोपा नियम दिला आहे: सवयीवाचून जेवढे जागरण झाले असेल त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, झोप घ्यावी. खोलीत अंधार करावा व घरच्यांनी हाका मारू नयेत. ही झोप झाल्यावाचून ट्रॅक्टर, मळणीयंत्र अथवा कडबाकुट्टी चालवू नये व औषधफवारणीही करू नये.

इतर दिवशी उठण्याची वेळ एकच ठेवावी. सकाळचा उजेड अंगावर घ्यावा, जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे, आणि भ्रमणध्वनी अंथरुणात नेऊ नये. मच्छरदाणी वापरावी, डासांनी दहा वेळा मोडलेली झोप ही झोप नव्हे. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, म्हणून तो उपाय नव्हे. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. जो मोठ्याने घोरतो, मध्येच ज्याचा श्वास अडकतो व जो दिवसा बसल्याजागी पेंगतो, त्यास श्वासरोधाचा विकार असू शकतो. त्याची तपासणी व उपचार आज उपलब्ध आहेत.

घरातील स्त्रियांचा विचारही येथे केला पाहिजे. सर्वांच्या अगोदर उठणारी व सर्वांच्या मागून निजणारी गृहिणी कोणत्याही पाळीत मोजली जात नाही. तिच्या झोपेचे तास घरातील कर्त्या पुरुषाने एकदा बोटांवर मोजून पाहावेत, व कामांची वाटणी त्याप्रमाणे फिरवावी. परीक्षेच्या मुलांविषयीही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत एकाच खोलीत कुटुंबासह राहून शिकले. त्यांच्या चरित्रात असे सांगितले आहे की, मुलास लवकर निजवून वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यास अभ्यासास उठवीत व स्वतः निजत. लोक यातील जागरण तेवढे लक्षात ठेवतात. मुलगा अगोदर निजलेला असे, ही गोष्ट विसरतात.

मनाचे स्वास्थ्य

झोप व मन यांचा संबंध दुहेरी आहे. मन अस्वस्थ असले की झोप उडते, आणि झोप उडाली की मन अधिक अस्वस्थ होते. झोप न झालेला मनुष्य क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो, भावाभावांत तंटे वाढवितो, आणि व्यवहारात घाईचे निर्णय घेतो. बांधाचे कित्येक वाद तापलेल्या डोक्याने सुरू होतात हे कचेरीत बसलेला प्रत्येक कारकून सांगेल. तेव्हा जमिनीचा सौदा, कर्जाची सही, वाटणीचे बोलणे ही जागरणाच्या दुसऱ्या दिवशी करू नयेत.

परंतु याहून गंभीर गोष्ट अशी की, पीक बुडाल्यावर अथवा कर्ज थकल्यावर माणसाची झोप आठवडेच्या आठवडे उडते, पहाटे तीनला जाग येते व नाही नाही ते विचार मनात येतात. दोन-तीन आठवडे असे चालले, जेवणावरची वासना गेली, माणूस बोलेनासा झाला, तर हे आजाराचे लक्षण समजावे व त्यावर औषधोपचार आहे हे जाणावे. घरच्यांनी त्यास एकटे ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. त्यावर कोणत्याही वेळी विनामूल्य व मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा, अशी विनंती आहे.

शेतकरी हा स्वतःच मालक व स्वतःच कामगार आहे. त्याच्यासाठी कोणी भोंगा वाजवीत नाही व सुटीही कोणी देत नाही. म्हणून निजण्याची वेळ त्याने स्वतःच ठरविली पाहिजे, व ती घरातील सर्वांनी पाळली पाहिजे. आपल्या संघाच्या गावोगावच्या सभासदांनी येत्या रब्बीच्या पाण्यापूर्वी एकत्र बसून रात्रीच्या पाळ्या वाटून घेण्याचा एवढा एक ठराव केला, तरी पुष्कळ घरांत रात्रीचा निवांतपणा येईल. पाण्याच्या पाळ्या लिहिल्या जातात त्या वहीत झोपेचाही एक रकाना आखावा, इतके सुचवून हा लेख पुरा करतो.